देवका, पुलाला तुझं नाव नको

देवका, तुझ्या तेरवीला मी भांडले. मांडवात माणूस मावत नव्हता, मागे पुऱ्यांचा घाणा चालू होता आणि तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी तुझा दीर माईक घेऊन उभा होता. तोच, ज्याने गेली दोन वर्षं तुझ्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाला, "हमारी भाभीजी ने इस गाँव के लिए बहुत किया. नाल्यावर नवा पूल होऊन राहिला आहे, त्या पुलाले भाभीजीचं नाव देऊ. ग्रामसभेत ठराव मी स्वतः मांडतो." टाळ्या पडल्या. तेरवीच्या मांडवात टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. तुझा लेक योगेश हात जोडून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं. मी उठले नि म्हटलं, "नको. देवकाचं नाव पुलाले देऊ नका."

पुऱ्या तळणारे आचारीसुद्धा वळून बघायला लागले. योगेश म्हणाला, "मावशी, तुम्ही कायले नाही म्हणता?" बाकी कुणीही नाही म्हटलं असतं तरी त्याला चाललं असतं, तुम्ही का, असं त्याला म्हणायचं होतं. मी दिराच्या मागे बांधलेल्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं. त्यावर पुलाचं चित्र होतं. वर मोठ्या अक्षरांत 'देवकाबाई सेतू' आणि खाली, बारीक, 'नवक्षिप्रा नदी'. तुझ्या नावाच्या पदराआडून त्याने आपला माल आत आणला होता. ज्या नावाशी तू शेवटपर्यंत भांडलीस, ते तुझ्याच नावाखाली कायमचं चिकटवून टाकायचं, असा त्याचा बेत होता. मी न जेवता निघाले. ज्या घरात मी माझ्या घरापेक्षा जास्त जेवले असेन, त्या घरातून उपाशी आले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बाई सटकली."

सटकलेच आहे. लोक म्हणतात तुझ्याविषयी चार गोड शब्द लिही. गोड शब्द लिहायला बसले की मला त्याचा रुमाल आठवतो. म्हणून आधी राग लिहिते, तुझ्या आठवणी त्यात आपोआप येतीलच, कारण दोन्ही एकाच नाल्याकाठच्या आहेत.

आपण दोघी एकाच शाळेत मास्तरणी. तू पोवारांच्या मोठ्या घरची सून, मी बौद्ध वस्तीतली. तुला आठवतं, तू चौथीच्या पोरांना विचारलं होतंस, आपल्या गावाजवळून कोणतं पाणी वाहतं? पोरं म्हणाली, नाला. नकाशात बघितलं तर तिथेही नाला. तू रागावलीस. म्हणालीस, "कुत्र्याले पण नाव राहते वो. वर्षभर ज्याचं पाणी धानाले देतो, त्याले नाव नाही?" त्या वर्षी माघात कचारगडच्या यात्रेला निघालेले गोंड यात्रेकरू नाल्यावरच्या ठेंगण्या रपट्याजवळ हातपाय धुवायला थांबले होते. तू त्यांच्यात जाऊन बसलीस. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही, एका बाईने सहज सांगितलं, हे कोहकेर. कोहका म्हणजे बिबा, येर म्हणजे पाणी. बिब्याच्या झाडांचं पाणी. काठावर आता बिब्याचं एक झाड शोधून सापडत नाही, सगळीकडे धानाचे बांध आहेत. तू घरी येताना वाटभर बडबडत होतीस. धोबी बिब्याने कपड्यावर खूण करतो ती कितीही धुतली तरी जात नाही, तशी ही खूण राहिली म्हणालीस. मला तेव्हा तुझी उपमा फार शाळेतली वाटली होती.

त्यानंतर तू मला तुझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून गावोगाव हिंडवलंस. आपली पद्धत कुणाला सांगितली तर हसतील. नदीचं नाव थेट विचारलं की लोक सरकारी माणसाला सांगायचं तेच सांगतात. नाला, मोठा नाला, फार तर गावाचं नाव. म्हणून तू लग्नं धरलीस. आपल्याकडे लग्नाच्या आधी बायका वाजतगाजत नाल्याकाठी जातात, कुदळीने माती काढतात, त्याआधी त्या पाण्याचं नाव घेऊन त्याची परवानगी मागतात. खोटं नाव घेऊन मागायची कुणाची हिंमत नसते. तिथेच खरं नाव सापडतं. बोलावणं असो नसो, आपण टोपली धरून त्या बायकांच्या घोळक्यात शिरायचो. एका टोल्यावर, म्हणजे वाडीवर, तर मुलीकडच्यांना वाटलं आपण मुलाकडच्या, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडच्या, आणि आपल्याला दोन्हीकडून मान मिळाला. तू मानाची साडी मिरवत जेवलीस. मी लाजेने मेले होते.

या हिंडण्यातून तू जो हिशोब मांडलास तो मला आजही पटतो. वाघ नदी म्हटलं की लहान पोरालाही अर्थ कळतो. ज्याचा अर्थ पटकन कळतो ते नाव एक तर नवं, नाही तर जुन्याचं कुणीतरी आपल्या भाषेत केलेलं. वैनगंगेतली गंगा मागून येऊन जोडली गेली असावी, तिच्याआधीचा 'वैन' हा शब्द कुणाचा ते छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणजे तो फार जुना. शेतातल्या चर-ओहोळांची नावं मात्र तुमच्या पोवारी बोलीत. तू म्हणायचीस, माणसं नव्या मुलखात आली की अंगणातल्या ओहोळाला स्वतः नाव ठेवतात, वाहत्या पाण्याचं नाव मात्र तिथे असणाऱ्याला विचारतात. रिकाम्या रानात आलेला माणूस कुणाला विचारणार? तुझे पूर्वज माळव्यातून आले तेव्हा इथे कुणीतरी होतं, आणि त्याने त्यांना पाणी कुठे आहे ते नावासकट सांगितलं. कोहकेर हे नाव तुमच्या बायकांच्या तोंडी लग्नात अजून आहे, हाच तुम्ही बाहेरून आल्याचा पुरावा. "ते नाव पुसलं तर आमचं येणं पण पुसून जाते," तू म्हणायचीस. "मग आम्ही कोण? आकाशातून पडलो का?"

यावर आपलं भांडण व्हायचं, ते कधी मिटलं नाही. मी म्हणायची, नाव ठेवलं म्हणजे माणसं ठेवली असं नाही. रान कापणाऱ्याला, मजुराला कुठे पाठवायचं ते सांगायला नाव लागतंच. बिबा गेला, बिबा गोळा करणारे डोंगराकडे सरकले, आणि नाव फुकटात मिळालं म्हणून तुम्ही ठेवून घेतलं. तू चिडायचीस. "हाकलून देल्लेल्या माणसाले कोणी नाव विचारते का वो? दोन दिवस तरी सोबत बसले असतील, एका चुलीवर जेवले असतील." मी म्हणायची, आमच्या आजीला तर त्याच नाल्यावर म्हशींच्या खालच्या अंगाला पाणी भरावं लागायचं, तिच्यासोबत कोण बसलं होतं? तू उठून घरी गेलीस. मला वाटलं जिंकले. दुसऱ्या दिवशी तू आमच्या घरी येऊन आजीसमोर जमिनीवर बसलीस आणि विचारलंस, "आजी, तुम्ही जिथून पानी भरत होत्या, त्या जागेले तुम्ही का म्हणत होत्या?" आजी म्हणाली, बुढीचा डोह. ते नाव आमच्या वस्तीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. या गावात माझ्या आजीला कुणी पहिल्यांदा काही विचारलं असेल तर ते तू. तू ते नाव वर्गात फळ्यावर लिहिलंस, कोहकेरच्या खाली. त्याचे उपकार मी तोंडाने कधी मानले नाहीत. आज मानते.

आता तुझ्या दिराकडे येते, त्याला फार वेळ सोडून चालणार नाही.

रपटा मोडून पूल मंजूर झाला आणि समाजाचा अध्यक्ष म्हणून त्याच्या डोक्यात आलं की नाल्याची नदी करावी आणि तिला माळव्याचं नाव द्यावं. नवक्षिप्रा. उज्जैनहून कलश आणला, बँड लावला, बायकांना पिवळ्या साड्या वाटल्या. कलश ओतायचा दिवस निघाला भर मे महिन्यात. उन्हाळी धानाला मोटारी लावून सगळ्यांनी नाला उपसला होता, आणि सर्वांत मोठी मोटार अध्यक्षांचीच. मंत्र म्हणून कलश ओतला तो कोरड्या वाळूत. पाणी जिरलं, वाळूवर एक ओला गोल राहिला, तोही बघताबघता सुकला. तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस. तो क्षण मी जपून ठेवलाय, कधी फार उदास वाटलं की बाहेर काढते.

मग समाजाच्या सभेत तू माईक मागितलास. म्हणालीस, "आपण माळव्यातून आलो हे खरं आहे. म्हणूनच हे नाव आपलं नाही. इथल्या लोकांनी आपल्याले सांगतलं, आपण ऐकलं, अन् पिढ्यान् पिढ्या तेच म्हणत आलो. आता बदलवून कोणाले दाखवून राहिलो?" एवढंच. त्याने तुझ्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाला, "भाभीजी थक गई हैं, पाणी द्या त्यांना." लोक हसले. तू खाली बसलीस तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. त्या हसणाऱ्यांतला एकेक चेहरा मला पाठ आहे. तेरवीला तेच टाळ्या वाजवत होते.

तुझ्याकडचं येणंजाणं बंद झालं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, नवं धान आलं की घरोघर जाणारं ताट तुझ्या दारावरून पुढे. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा कुणाच्या तरी हातून, उशिरा आली. मी म्हटलं जाऊ नको. तू म्हणालीस, "माती काढाले तर जाईनच. पद्धत आहे ना आपली." आणि काय मजा झाली. तुझी सासू, त्याची सख्खी आई, कमरेत वाकलेली, सगळ्यांच्या पुढे. नाल्याकाठी टेकली, कुदळीला हळद लावली आणि खणखणीत आवाजात कोहकेरमायचं नाव घेऊन तिने नातीसाठी माती मागितली. दीर तिथेच होता, शूटिंगवाल्या पोरांना जागा दाखवत. तो आईच्या कानाशी वाकून म्हणाला, "माय, नवक्षिप्रा म्हणा." म्हातारी त्याच्याकडे बघून म्हणाली, "ते कोण?" नि पुन्हा गाऊ लागली. शूटिंगमधून तो तुकडा त्याने कापून टाकला असेल. आपल्या डोक्यातून कसा कापणार होता?

त्याचा सूड त्याने घेतलाच. योगेशला कंत्राटं त्याच्याच ओळखीने मिळतात, म्हणून पोरगा काकापुढे तोंड उघडत नव्हता, हे तुलाही ठाऊक होतं. तू आजारी पडलीस तेव्हा भाऊबंदांतलं कुणी आलं नाही. मी तुझ्या उशाशी बसायची आणि तू मला विचारायचीस, आज कोणी आलं होतं का. मी खोटं सांगायची, हो, तू झोपली होतीस तेव्हा येऊन गेले. तुला कळत होतं. तू मला खोटं बोलू दिलंस, हेही मला आता बोचतं.

आणि तू गेल्यावर सगळे आले. सगळे म्हणजे सगळे. नाल्याकाठी तुला अग्नी दिला, दुसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या आणि दीर स्वतः गाडी घेऊन योगेशला उज्जैनला घेऊन गेला. तुझ्या अस्थी क्षिप्रेत सोडल्या. माझं रक्त तेव्हाच उकळलं होतं, पण मूठभर अस्थी नेल्या तरी उरलेली राख काठावरच्या लोकांनी नाल्यात लोटली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यावर मी गप्प बसले. तेरवीचा फ्लेक्स बघितला आणि मग नाही बसवलं.

तेरवीनंतर मी घरोघर गेले. गोंडटोल्यावर गेले, आमच्या वस्तीत गेले, ज्यांना या भाऊबंदकीशी घेणंदेणं नाही त्यांच्याकडेही गेले. फार बोलले नाही. बायकांना एवढंच विचारलं, तुमच्या पोरीच्या लग्नात माती कोणाचं नाव घेऊन काढता? हसून सांगायच्या. मग मी म्हणायची, पुलावर दुसरंच लिहून राहिले, सभेला या. मला तुझी आठवण पदोपदी येत होती, मागच्या सीटवर बसायची सवय अजून गेली नाही. पण खरं सांगते, मला मजाही येत होती. सूड घेताना इतकं ताजंतवानं वाटतं हे मला या वयात कळलं.

ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी योगेश आला. तेरवीनंतर पहिल्यांदाच. चहा नको म्हणाला. म्हणाला, "मावशी, काकाले मी समजावतो. वर आईचं नाव राहील, खाली कोहकेर लिहू. दोघांचंही होऊन जाते. कायले भांडून राहिले?"

देवका, त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्यात काही खोट नव्हती. मी विचारलं, "उद्घाटनाले हार कोण घालेल? भाषण कोण देईल?" तो म्हणाला, "काकाच देतील, अध्यक्ष आहेत." मी म्हटलं, "मग नाही." तो म्हणाला, "आईचं नाव कुठंच नाही, मावशी. घर बाबांच्या नावावर, शेत माह्या नावावर, शाळेच्या फरशीवर देणगी देणाऱ्यांची नावं. एवढं एक तरी राहू द्या."

त्याला वाटलं तो मला नवीन काही सांगतोय. हेच, याच शब्दांत, तू मला त्या आजारपणात सांगितलं होतंस. छताकडे बघत म्हणालीस, "माह्या नावाचं कुठंतरी काही राहिलं असतं तर बरं वाटलं असतं वो. हसू नको." मी हसले नव्हते. योगेशला मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं. मी त्याला म्हटलं, "तुह्या आईले हे आवडलं नसतं." तो उठून गेला.

सभेत तुझ्या दिराने ठराव मांडला. मी उठून म्हटलं, पुलाला पाण्याचं नाव, कोहकेर, दुसरं काहीच नाही. हात वर करायला सांगितले. गोंडटोल्यावरच्या बायका, आमच्या वस्तीतल्या, आणि तुमच्यातल्याही काही, ज्यांनी पिवळ्या साड्या घेतल्या होत्या, त्यांचे हात वर गेले. त्याचा ठराव पडला. माईक अजून त्याच्याच हातात होता. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "अध्यक्ष थकले आहेत, पाणी द्या." लोक हसले. तुझ्यासाठी हसले, असं मी मनात म्हटलं. ते खरं नव्हतं. ते माझ्यासाठी होतं.

पुलाचं काम संपत आलं आहे. कठड्यावर पेंटरने पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत लिहिलंय, कोहकेर. तुझं नाव नाही. तुझ्या दिराला हार घालायला काही उरलं नाही आणि तुलाही काही उरलं नाही. योगेश माझ्याशी बोलत नाही. मी रोज बाजाराला जाताना मुद्दाम त्या कठड्याशी थांबते, ते एक नाव वाचते आणि मला बरं वाटतं. हे माफी मागायला लिहिलेलं नाही. तू असतीस तर तूही माझ्याशी बोलली नसतीस.